लुआ बसवली म्हणून प्रोग्रॅम मंदावत नाही

हिंजवडीपासून भोसरीपर्यंत सॉफ्टवेअरवाल्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. सार असं: सी किंवा सी प्लस प्लसच्या प्रोग्रॅममध्ये स्क्रिप्टिंगचा इंटरप्रिटर, म्हणजे लुआसारख्या छोट्या भाषेतली स्क्रिप्ट वाचून चालवणारा भाग, बसवू नका. प्रोग्रॅम मंदावतो, फुगतो, कोणीही काहीही चालवतो, आणि तसंही कॉन्फिग फाइलवर, म्हणजे नुसत्या सेटिंग्जच्या फाइलवर, भागतं.

मंदावतो? चाकणच्या एखाद्या लाइनवरचा लीक टेस्टर, म्हणजे पार्ट गळतो का बघणारं यंत्र, घ्या. प्रेशरची रीडिंग सेकंदाला हजारदा येतात, ती सी प्लस प्लस घेतं. स्क्रिप्टला विचारायचं एकच, तेही पार्टमागे एकदा: ओके की रिजेक्ट? तेवढं काम लुआनं तीसपट सावकाश केलं तरी ऑपरेटरला पत्ता लागणार नाही. वेळ खाते ती दोन भाषांमधली ये-जा, कारण प्रत्येक आकडा लुआच्या स्टॅकवर, म्हणजे देवाणघेवाणीच्या थप्पीवर, ठेवावा लागतो. दर रीडिंगला स्क्रिप्ट हाक मारत बसलात तर रडाल. सरासरी, कमाल, घसरण हे सी प्लस प्लसमध्येच काढा आणि तयार आकडे द्या. रेडिस या डेटाबेसमध्ये २०१२ पासून लुआ आहे, त्याला कोणी मंद म्हणत नाही. मात्र स्क्रिप्ट चालू असेपर्यंत तिथं बाकीच्यांना थांबावं लागतं, हेही खरं.

फुगतो, हा पायथनचा अनुभव सगळ्यांच्या माथी मारलाय. पायथन बसवलं की त्याची स्टँडर्ड लायब्ररी सोबत न्यावी लागते. १९९३ मध्ये रिओ दि जानेरोच्या विद्यापीठात जन्मलेली लुआ साध्या सीमध्ये आहे आणि काहीशे केबीत मावते.

सुरक्षेच्या मुद्द्यात अर्धं तथ्य आहे, पण मेसेजवाल्यानं भलत्याच दारावर पहारा बसवलाय. फाइल आणि ओएसच्या लायब्रऱ्या तुम्ही उघडल्याच नाहीत, तर स्क्रिप्टला त्या मिळत नाहीत. मेमरीला लगाम घालायला स्वतःचा अ‍ॅलोकेटर (मेमरी वाटणारं फंक्शन) देता येतो, न संपणाऱ्या लूपला काउंट हुक, म्हणजे ठरावीक सूचनांनंतर बोलावलं जाणारं आपलं फंक्शन. पण हुक लुआच्या सूचना मोजतो. स्ट्रिंग शोधणारं फंक्शन सीमध्ये आहे, त्याला वेडावाकडा पॅटर्न दिला की ते आत अडकतं आणि हुक बघत बसतो. बाहेरून आलेला बाइटकोड, म्हणजे आधीच कंपाइल केलेली स्क्रिप्ट, तर घेऊच नका, लुआ तो तपासत नाही. लोड करताना फक्त टेक्स्ट मोड ठेवा. अनोळखी माणसाची स्क्रिप्ट असेल तर वेगळ्या प्रोसेसमध्ये चालवा.

खरी मेख मेसेजमध्ये नाहीच. सी म्हणून कंपाइल केलेली लुआ एरर आली की लाँगजंपनं, म्हणजे मधली फंक्शनं ओलांडून, उडी मारते, आणि वाटेतले सी प्लस प्लसचे डिस्ट्रक्टर (आवराआवर करणारी फंक्शनं) राहून जातात. लॉक तसाच अडकतो, फाइल उघडी राहते. लुआच सी प्लस प्लस म्हणून कंपाइल करा, मग ती एक्सेप्शन वापरते आणि डिस्ट्रक्टर चालतात. आणि प्रत्येक कॉल पीकॉलमधूनच, म्हणजे एरर झेलणाऱ्या कॉलमधूनच. नाहीतर स्क्रिप्टमधल्या एका निलमुळे (रिकाम्या किमतीमुळे) अख्खा प्रोग्रॅम अबॉर्ट.

राहिली कॉन्फिग फाइल. पहिल्या दिवशी तिच्यात एक लिमिट असतं. मग लाइनवरून फोन येतो, ‘‘साहेब, नव्या मॉडेलला लिमिट वेगळं, पण तेल गरम असेल तरच.’’ अट आली. पुढे ‘आणि’, ‘किंवा’, कंस. आता तुमच्याकडे घरगुती भाषा आहे, तिचा पार्सर (ती वाचणारा कोड) नोकरी सोडून गेलेल्या पोरानं लिहिलाय, आणि चूक झाली की ओळ क्रमांकसुद्धा मिळत नाही.