पूर्वजांचे हप्ते

मोबाइल नंबर ही वडिलोपार्जित इस्टेट असू शकते हे नवं सिम घेईपर्यंत मला ठाऊक नव्हतं. बंद पडलेला नंबर कंपन्या किमान ९० दिवस तसाच ठेवतात आणि मग दुसऱ्या कोणाच्या तरी गळ्यात बांधतात. माझ्या गळ्यात जो आला त्याचे आधीचे धनी जाताना सगळं आवरून गेले, फक्त थकलेले हप्ते तेवढे मागे ठेवले. या गृहस्थांना मी कधी पाहिलेलं नाही. मनातल्या मनात त्यांना पूर्वज म्हणतो. त्यांनी घेतलं आणि माझ्याकडे मागतात, एवढंच आमचं नातं.

फोन उचलला की सुरुवातीला क्षणभर शांतता असते. मला वाटायचं, समोरच्याला मागायची लाज वाटत असेल. पण लाजेचा काही संबंध नसतो. तिकडे संगणक एकदम बरेच नंबर फिरवतो, इकडे कोणी ‘हॅलो’ म्हणालं की त्याला मोकळ्या असलेल्या कर्मचाऱ्याकडे जोडून देतो. त्या जोडणीला लागणारा वेळ म्हणजे ती शांतता. कोणीच मोकळं नसेल तर फोन सरळ कट. म्हणजे मी अंगाला साबण लागलेला असताना धावत यायचं, आणि माझा अपमान करायला तिकडे माणूस रिकामा नाही! याहून मोठा अपमान दुसरा नसावा.

माणूस रिकामा असला की संवाद ठरलेला.

“सर, तुमचा हप्ता बाउन्स झालाय.”

“मी ते नाही. हा नंबर आता माझा आहे.”

“सगळे असंच म्हणतात, सर.”

यावर माझ्याकडे आजवर उत्तर नाही, कारण सगळे खरंच असंच म्हणतात. कर्ज बुडवणारा हेच म्हणणार आणि न बुडवणाराही हेच म्हणणार. बुडवणारा जरा जास्त ठामपणे म्हणत असेल, कारण त्याला सराव असतो. माझा आवाज पहिल्या वाक्यालाच चिरकतो. मी निर्दोष आहे हे ऐकूनच कोणालाही संशय यावा.

एकदा एक बाई भेटल्या, अत्यंत नियमाच्या. “तुमची तक्रार नोंदवते, पण सुरक्षेसाठी आधी खातेदाराची जन्मतारीख सांगा.” मी म्हटलं, मी खातेदार नाही हीच तक्रार आहे, जन्मतारीख कुठून आणू? “मग सर, मला या खात्याबद्दल तुमच्याशी बोलता येणार नाही.” आणि दुसऱ्या दिवशी त्याच खात्याबद्दल त्याच बाई माझ्याशी बोलल्या. थोडक्यात, मी पूर्वज नाही हे सिद्ध करायला आधी मी पूर्वज आहे हे सिद्ध करायला हवं.

यंत्राचा फोन आला तर आणखी मजा. “आज पैसे भरणार असाल तर एक दाबा. उद्या भरणार असाल तर दोन दाबा.” मी ‘शून्य’ दाबलं. यंत्र म्हणालं, “धन्यवाद, आपली निवड नोंदवली आहे.” काय नोंदवली देव जाणे, पण फोन वाढले.

बरं, एका कंपनीला पटलं म्हणजे सुटलो असंही नाही. बुडीत कर्जं विकता येतात. मूळ रकमेच्या किरकोळ भावात ती दुसऱ्या कंपनीकडे जातात, यादी नव्या हातात पडते आणि मी पुन्हा “मी ते नाही”पासून सुरू.

एका वकील मित्राने धीर दिला. म्हणाला, रिझर्व्ह बँकेचं ऑगस्ट २०२२चं परिपत्रक आहे. थकबाकीसाठी सकाळी ८च्या आधी आणि संध्याकाळी ७नंतर फोन करता येत नाही. मी वाट पाहत बसलो. फोन आला सकाळी आठ वाजून एक मिनिटाने. पोरगा हुशार होता, परिपत्रक त्याने माझ्याआधी वाचलं होतं. अमेरिकेत असा कायदा १९७७पासून आहे, पण तिथे रात्री ९पर्यंत फोन चालतो. विकसित देश, छळायला दोन तास जास्त.

मग १९०९ला मेसेज पाठवून ‘डीएनडी’त नंबर टाकला. त्याने जाहिराती अडतात. वसुली ही जाहिरात नव्हे, त्यामुळे देणारे गप्प झाले आणि मागणारे तेवढे उरले.

यातला सर्वांत जिव्हारी लागलेला फोन माझ्या आईने उचलला. मी आंघोळीला होतो. बाहेर आलो तर ती खुर्चीत बसून, फोन मांडीवर ठेवून, माझ्याकडे बघत होती. “किती घेतलेस?” मी सगळी हकिगत सांगितली. तिने शांतपणे ऐकून घेतली आणि म्हणाली, “तो मुलगा म्हणालाच होता, हे असं सांगतील म्हणून.” संध्याकाळी तिने बायकोला बाजूला घेऊन तिच्या पाटल्या कुठे आहेत ते विचारलं.

पूर्वजांबद्दल माझ्या मनात राग नाही, उलट ओढ निर्माण झाली आहे. आधी दुचाकी घेतली, मग मोठा टीव्ही, मग वैयक्तिक कर्ज, हे मला हप्त्यांवरून कळलं. त्यांच्या पाल्याच्या शाळेचे मेसेजही मलाच येतात. पाल्य गणितात नापास आहे. व्याजाचं कोष्टक त्या घरात कोणालाच जमत नसावं. परवा पाल्य गैरहजर असल्याचा मेसेज आला तर दिवसभर मला चुकल्यासारखं होत होतं.

गेल्या आठवड्यात मात्र कमाल झाली. वसुलीवाला नेहमीप्रमाणे दम देत असतानाच दुसरा फोन वाजू लागला. पहिल्याला थांबवून घेतला. गोड आवाज, ‘डीएनडी’ला न जुमानता आलेला. “सर, तुमचं रेकॉर्ड पाहून आमच्या कंपनीने तुम्हाला प्री-अप्रूव्ड लोन मंजूर केलंय!” कंपनीचं नाव ऐकलं आणि माझा कानांवर विश्वास बसेना. होल्डवर होता तो त्याच कंपनीचा होता.

मी दोन्ही फोन जोडून दिले आणि मधे न बोलता ऐकत राहिलो. थोडा वेळ दोघं एकमेकांना ‘सर, सर’ करत होते. एक म्हणे भरा, दुसरा म्हणे घ्या. मग वसुलीवाल्याचा आवाज एकदम खाली आला.

“बरं, मला सांगा,” तो म्हणाला, “स्टाफसाठी व्याजदर काय आहे?”