पॅक-12 मध्ये आता कोणाला घ्यायचं?

"मेम्फिसला घ्या न् मोकळे व्हा," नागपूरकर म्हणाला, आणि शनिवारच्या कट्ट्याला तोंड फुटलं.

कट्टा म्हणजे फ्रीमाँटमधल्या देशी किराणा दुकानासमोरची पार्किंगची बुटकी भिंत. एरवी तिथे व्हिसा आणि घरांचे भाव चालतात. त्या दिवशी पुलमनकरानं आपल्या जुन्या विद्यापीठाच्या, म्हणजे पुलमनमधल्या वॉशिंग्टन स्टेटच्या डेअरीतलं कूगर गोल्ड चीज आणलं होतं. हे चीज चक्क पत्र्याच्या डब्यात येतं, आणि ओपनर कोणाकडेच नव्हता. डब्यावरच्या कूगरकडे, म्हणजे त्यांच्या संघाच्या चिन्हाकडे, बघत बसल्यावर विषय पॅक-12 वर जाणारच.

ज्यांनी हे रामायण ऐकलेलं नाही त्यांच्यासाठी. पश्चिम किनाऱ्यावरच्या विद्यापीठांची ही क्रीडा-आघाडी मूळची 1915 सालची. ऑगस्ट 2021 मध्ये यांनी ऐटीत जाहीर केलं की आम्हाला नवा भिडू नको. वर्षही झालं नाही तोच लॉस एंजेलिसचे यूएससी आणि यूसीएलए बिग टेन या दुसऱ्या आघाडीच्या वाटेला लागले. 2023 च्या उन्हाळ्यात कोलोरॅडो, ओरेगन, वॉशिंग्टन, ॲरिझोनाचे दोघे आणि युटा गेले. शेवटी स्टॅनफर्ड आणि कॅल, म्हणजे बर्कलीचं विद्यापीठ, गेले एसीसीत, म्हणजे अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्समध्ये, जिच्या नावातच अटलांटिक किनारा आहे! मागे राहिले दोनच, ओरेगन स्टेट आणि वॉशिंग्टन स्टेट.

"त्या दोघांनी कोर्टात जाऊन आघाडीचा ताबा आणि पैसा राखला, हे विसरू नका," पुलमनकर म्हणाला. यावर तो कधीही, कुठेही भाषण देऊ शकतो.

मग त्यांनी शेजारच्या माउंटन वेस्ट आघाडीमधून बॉइझी स्टेट, कोलोरॅडो स्टेट, फ्रेस्नो स्टेट, सॅन डिएगो स्टेट आणि युटा स्टेट उचलले. फुटबॉल नसलेलं गोंझागा बास्केटबॉलसाठी आलं. वरच्या श्रेणीत राहायला फुटबॉलचे किमान आठ संघ लागतात. आठवा भरला टेक्सास स्टेटनं, जून 2025 च्या शेवटच्या दिवशी. 1 जुलै 2026 ही नव्या संसाराची तारीख.

"पण आठ म्हणजे काठावर पास," नागपूरकर म्हणाला. "एक गेला की पुन्हा बोंब. काहून थांबायचं? मेम्फिस, टुलेन, सॅन अँटोनिओ, सगळे घ्या. टीव्हीवाले शहरं मोजतात भाऊ, शेतं नाही."

"विचारलं होतं त्या विद्यापीठांना 2024 मध्ये," पुलमनकर म्हणाला. "नाही म्हणाले. जुनी आघाडी सोडायचा दंड कोण भरणार?"

"जास्त पैसे दिले तर येतील."

"आणायचे कुठून? माउंटन वेस्टनं पाच संघ नेल्याबद्दल साडेपाच कोटी डॉलर मागितले, त्यावरून खटला लढावा लागला."

इतका वेळ गप्प बसलेल्या बर्कलीच्या वहिनींना आता राहवलं नाही. त्या कॅलच्या माजी विद्यार्थिनी, आणि एसीसी हा शब्द त्या औषधाच्या चवीसारखा उच्चारतात. "तुम्ही सगळे फुटबॉलच बोलताय. फुटबॉलवाल्यांचे बाहेरचे सामने मोजके, तेही बहुतेक शनिवारी. व्हॉलीबॉल, सॉफ्टबॉल खेळणाऱ्या मुलींचं काय? बर्कलीहून बॉस्टनला जायचं, मॅच खेळायची आणि परीक्षाही द्यायची. शिवाय टीव्हीच्या पैशात सुरुवातीची वर्षं आमचा वाटा जेमतेम तीस टक्के."

"वहिनी, मग परत या की पॅक-12 मध्ये," पुलमनकर म्हणाला. वहिनींनी उत्तर दिलं नाही. स्टॅनफर्डशिवाय कॅल हलणार नाही आणि स्टॅनफर्ड बॉइझी स्टेटशेजारी बसायला राजी होणार नाही, हे त्यांनाही कळतं. हा विद्यापीठी सोवळेपणा या सगळ्या प्रकरणात कोणी मोठ्यानं बोलत नाही. निळ्या टर्फवर खेळणारं बॉइझी 2024 मध्ये राष्ट्रीय प्लेऑफला थेट तिसरं मानांकन घेऊन गेलं, तरी पंगतीतली जागा ठरते ती पदव्यांवरून!

मी वहिनींच्या बाजूचा. पुलमन ते सॅन मार्कोस, म्हणजे टेक्सास स्टेटचं गाव, सरळ रेषेत दीड हजार मैलांच्या वर. तो एक अपवाद गरजेपोटी झाला, ठीक. पण त्याला सोबत म्हणून मेम्फिस घ्यायचं, मेम्फिसला सोबत म्हणून टुलेन, असं करत गेलं तर हीसुद्धा एसीसीच होईल. माझ्या मते पुढचा संघ एकच, लास व्हेगासचं यूएनएलव्ही. मोठं शहर आहे आणि सॅन डिएगो, फ्रेस्नो आणि युटा स्टेटचं गाव लोगन, तिन्हीकडून आवाक्यात आहे. 2024 मध्ये त्यांनी माउंटन वेस्टमध्येच राहायचं ठरवलं, पण करार काही जन्माचा नसतो. आणि पूर्वेकडचं कोणी हवंच असेल तर फक्त फुटबॉलपुरतं घ्या. नोत्र दाम विद्यापीठ फुटबॉल एकटंच खेळतं आणि बाकी बहुतेक खेळ एसीसीत, मग उलटं का चालू नये?

"म्हणजे लग्न एकीकडे, संसार दुसरीकडे," नागपूरकर म्हणाला.

"आणि आघाडीच नसली तर काय बिघडतं?" पुलमनकरानं नवीनच काढलं. "ओरेगन स्टेटचा बेसबॉल संघ 2025 मध्ये कुठल्याच आघाडीत नव्हता. एकटे फिरले आणि ओमाहाला कॉलेज वर्ल्ड सिरीजपर्यंत पोचले."

"बेसबॉलमध्ये चालतं बे. फुटबॉलमध्ये एकटं फिरायला नोत्र दाम असावं लागतं."

तेवढ्यात दुकानातून कोणीतरी ओपनर विकत आणला. चीज खरंच छान होतं, खारट, किंचित रवाळ. नागपूरकरानं तिसरा तुकडा उचलत विचारलं, "हे मेम्फिसला मिळते का?"

"मागवलं तर येतं," पुलमनकर म्हणाला, "पण पाठवायचा खर्च बघ आधी."