थांबलंय की चाललंय?

अलका चौक अडकला होता. खरा नव्हे, खऱ्याची बातमी होत नाही. माझा अलका चौक, मी कॉम्प्युटरवर बांधलेला. लकडी पुलावरून आलेली बस चौकाच्या मधोमध तिरपी उभी, तिच्या पोटाशी दोन रिक्षा, आणि लक्ष्मी रस्त्यावरची रांग मागे पार कुंटे चौकापर्यंत. पाच मिनिटं झाली तरी कुणी तसूभर हलेना. माझ्या खुर्चीमागे सासूबाई दुधाचा कप घेऊन उभ्या होत्या. म्हणाल्या, "अगं, हे थांबलंय की चाललंय?"

प्रश्न साधा होता आणि मला उत्तर येत नव्हतं. गाड्या कोंडीमुळे थांबल्यात की कॉम्प्युटरच थांबलाय, हे ओळखायची माझ्याकडे एकच खूण होती. मुठेचं पाणी बघायचं. पाणी वाहत असेल तर कोंडी शहराची. पाणीही थिजलेलं असेल तर कोंडी कॉम्प्युटरची. (खऱ्या मुठेला ही परीक्षा लावू नये. खडकवासल्यातून पाणी सोडेपर्यंत काहीच कळत नाही.) त्या संध्याकाळी पाणी थिजलेलं होतं.

मी शाळेत भूगोल शिकवते. लॉकडाऊनमध्ये वर्ग फोनवर भरायचे आणि उरलेला दिवस अंगावर यायचा, तेव्हा चिरंजीवांनी त्यांच्या जुन्या कॉम्प्युटरवर मला सिटीज: स्कायलाइन्स हा खेळ लावून दिला. रस्ते आखायचे, पाणी-वीज द्यायची, माणसं आपोआप राहायला येतात. हा खेळ २०१५ साली फिनलंडमधल्या टाम्पेरे गावच्या मंडळींनी केला. टाम्पेरे दोन तळ्यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीवर वसलंय. छान गाव असावं. तिथल्या लोकांनी कोंडीचा एवढा सखोल विचार का केला हे मला अजून उमगलेलं नाही.

पुढे चिरंजीव नोकरीसाठी बंगलोरला गेले. कॉम्प्युटर मागे राहिला आणि मी पुणे बांधायला घेतलं.

खेळाचा नकाशा १७.२८ किलोमीटर लांब आणि तेवढाच रुंद. त्यात चांदणी चौकापासून हडपसरपर्यंत सगळं मावतं, फक्त हिंजवडी बाहेर राहते, आणि मला ते चाललं. मूळ खेळ एवढ्या सगळ्या जमिनीवर बांधू देत नाही. त्यासाठी मॉड लागतो, म्हणजे कुणा हौशी माणसाने खेळाला लावलेली ठिगळं. एक मॉड सगळी जमीन मोकळी करतो. एक सिग्नल आणि लेन ताब्यात देतो. एक इमारती हव्या तशा तिरक्या ठेवू देतो, ज्याच्याशिवाय सदाशिव पेठ बांधणं अशक्य आहे. शिवाय लोकांनी बनवलेल्या वस्तू: घरं, झाडं, टपऱ्या, टुकटुक जातीच्या रिक्षा. एकेक करत माझ्याकडे दोन हजार तीनशे जमल्या. भिडे पूल मी हौसेनं पाण्याच्या अगदी लगत बांधला. खेळातलं पाणी खरोखर वाहतं, त्यामुळे पूल पहिल्याच लोंढ्यात बुडाला. सासूबाईंचं बालपण नारायण पेठेत गेलेलं. त्या दिवशी त्यांचा या खेळावर विश्वास बसला. तेव्हापासून त्या रोज संध्याकाळी तपासणीला येतात. "लोखंडे तालमीपाशी एवढी मोकळी जागा कुठून आली?"

एवढं सगळं त्या जुन्या यंत्राच्या डोक्यावर. खेळ आला तेव्हा त्याला ४ जीबी रॅम पुरत होती, आमच्याकडे ८ होती, म्हणून मी निर्धास्त होते. पण खेळ सुरू होताना त्या दोन हजार तीनशे वस्तू तो एकदम रॅममध्ये मांडतो. रॅम म्हणजे स्वयंपाकाचा ओटा समजा. हार्ड डिस्क म्हणजे माळा. ओट्यावर जागा संपली की विंडोज गुपचूप माळ्यावर ठेवायला लागतं, आणि मग दर चमच्यासाठी शिडी. लोडिंगला लावून मी कणीक भिजवायचे, वीस पोळ्या लाटून भाजायचे, ओटा पुसायचे, तरी पुणे आलेलं नसायचं.

"आई, रॅम वाढव," चिरंजीव फोनवर म्हणाले. "बत्तीस कर."

मी जुना डबा पिशवीत घालून टिळक रस्त्यावरच्या एका दुकानात गेले. दुपारचे अडीच वाजले होते आणि दुकान उघडं होतं. माझी जरा निराशाच झाली. परत फिरायला तेवढं एक सन्मान्य कारण मिळालं असतं.

दुकानातल्या मुलाने डबा उघडून आत फुंकर मारली. धूळ खाली बसल्यावर म्हणाला, "काकू, हा डीडीआर थ्री आहे, म्हणजे जुन्या जातीच्या रॅमचा. ह्यात बत्तीस घालायच्या फंदात पडू नका. नवीन रॅम घ्यायची तर बोर्ड नवीन, बोर्ड नवीन म्हणजे प्रोसेसर नवीन."

छत गळतंय म्हणून गवंडी बोलवावा आणि त्याने वाड्याचा पुनर्विकास सुचवावा, तसं झालं.

"बरं, मग नवीनच दाखवा. गेम खेळायला हवाय."

"मुलगा केवढा आहे?"

"सव्वीस वर्षांचा."

"मग त्यालाच पाठवा ना. त्याला सांगितलेलं कळेल."

"तो बंगलोरला असतो. खेळते मी."

तो थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिला. मग मऊ आवाजात म्हणाला, "कँडी क्रशला एवढं लागत नाही, काकू."

मी त्याला फोनवर माझ्या पुण्याचा फोटो दाखवला. त्याने तो मोठा केला, इकडेतिकडे सरकवला, नळ स्टॉप शोधला आणि काही न बोलता स्टूल पुढे केलं. तिथून पुढे आम्ही बरोबरीने बोललो, म्हणजे भांडलो. त्याने काढलेल्या कोटेशनमध्ये ग्राफिक्स कार्डाची किंमत बाकी सगळ्या बेरजेएवढी होती. गेम म्हटलं की ग्राफिक्स कार्ड, हे त्याचं शास्त्र. पण कार्ड फक्त चित्र रंगवतं. कुणाला कुठे जायचंय आणि कोणत्या रस्त्याने, हा हिशेब प्रोसेसरच्या गळ्यात. एका वेळी ६५,५३६ माणसं आणि १६,३८४ गाड्या ही मूळ खेळाची कमाल मर्यादा. तेवढ्यांना वाट शोधून देणारा कारकून दमलेला असेल तर भारी रंगारी आणून काय करू?

घरी आल्यावर सल्ल्यांना तोटा नव्हता. शाळेतले संगणकाचे सर म्हणाले, आय सेव्हन प्रोसेसर घ्या. कोणत्या पिढीचा, असं विचारलं तर म्हणाले, आय सेव्हन. ह्यांनी बिलाचा आकडा ऐकून, एवढ्यात दुचाकी येते, असं सांगितलं, आणि दुचाकी घेऊन पुन्हा अलका चौकातच अडकायचं, हे स्वतःच्याच लक्षात आल्यावर गप्प बसले. त्यांचा आग्रह एकच: पॉवर सप्लाय चांगला घ्या, तिथे काटकसर करू नका. सगळ्यांत रटाळ सल्ला आणि सगळ्यांत बरोबर.

शेवटी खरा घोळ दोन प्रोसेसरांमध्ये झाला. रायझन ५७००एक्स आणि ५७००एक्स३डी. पहिला ४.६ गिगाहर्ट्झपर्यंत पळतो, दुसरा ४.१, आणि दुसरा महाग. दुकानातला मुलगा कळवळून म्हणाला, "काकू, जास्त पैसे देऊन हळू कशाला घेताय?" चिरंजीव फोनवरून ओरडत होते, "कॅश बघ, कॅश!" मला आधी वाटलं रोख पैसे द्यायला सांगतोय. कॅश म्हणजे प्रोसेसरच्या अगदी हाताशी असलेली छोटी मेमरी. पहिल्याला ३२ एमबी, दुसऱ्याला ९६. हे मला एका क्षणात पटलं, कारण हा मिसळणाचा डबा आहे. फोडणी करताना हात किती वेगानं चालतो याला महत्त्व नाही. हळदीसाठी फडताळापर्यंत जावं लागतं का, याला आहे. हजारो गाड्यांच्या बारीकसारीक नोंदी सतत हाताशी लागणाऱ्या या खेळाला मोठा डबा मानवतो. मी हे त्या मुलाला समजावलं तेव्हा तो म्हणाला, "तुम्ही क्लास घेता का?"

"हो. भूगोलाचा."

रॅम बत्तीसची, पण १६ च्या दोन पट्ट्या, एकच ३२ ची नव्हे. दोन असल्या की प्रोसेसर दोन्हीकडून एकदम घेतो, पंगतीत दोन्ही हातांनी वाढल्यासारखं. त्याच्याकडे शिल्लक पट्ट्या मात्र रंग बदलणाऱ्या होत्या. बिना दिव्यांच्या नाहीत का, विचारलं तर नव्हत्या. त्यामुळे आमच्या हॉलच्या कोपऱ्यात आता बारा महिने मंडळाची रोषणाई असते.

पहिल्या रात्री स्क्रीनवर काहीच आलं नाही. पंखे फिरत होते, रोषणाई चालू होती, फक्त चित्र नव्हतं. हे टॉर्च तोंडात धरून मागच्या वायरी तपासत होते, मी दुकानाला फोन लावत होते, सासूबाईंनी देवापुढे उदबत्ती लावली. तासाभराने कळलं की मॉनिटरची वायर ह्यांनी वरच्या खाचेत, बोर्डाच्या तोंडात, खुपसली होती. या प्रोसेसरला स्वतःचं चित्र काढताच येत नाही. वायर खाली ग्राफिक्स कार्डात लावल्याबरोबर विंडोज उगवलं. ह्यांनी याचं श्रेय उदबत्तीला दिलं.

आणि पुणे चार मिनिटांत आलं! पोळीची कणीक हातातच. मी कौतुकाने धावत अलका चौकात गेले, तर बस तिथेच तिरपी उभी. पाणी वाहत होतं, पण ठेचा खात. सेकंदाला २२ फ्रेम, म्हणजे पडद्यावरचं चित्र सेकंदाला फक्त बावीस वेळा बदलत होतं.

२ ऑक्टोबर २०२२ च्या मध्यरात्री चांदणी चौकातला जुना पूल पाडला, तेव्हा मी टीव्हीपुढे जागी होते. ६०० किलो स्फोटकं लावूनही तो पूर्ण पडला नाही, उरलेला यंत्रांनी पाडावा लागला. पुढच्या ऑगस्टमध्ये नवा पूल खुला झाला, तिथून गाडी सुसाट निघाली आणि कोथरूडमध्ये येऊन उभी राहिली. माझ्या नव्या कॉम्प्युटरचं तेच. ओटा मोठा केला तर कोंडी फोडणीपाशी, डबा मोठा केला तर आणखी कुठेतरी. चिरंजीवांनी टास्क मॅनेजर उघडायला लावला. रॅमचा वेग २१३३. मी पैसे दिले होते ३२०० चे. म्हणे, बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगमध्ये, एक्सएमपी नावाची कळ असते, ती आपण दाबेपर्यंत रॅम सावकाशच चालते. म्हणजे विकत घेतलेला वेग वेगळा अर्ज केल्यावर मिळतो. मला यात नवल वाटलं नाही, मी पुण्यातच राहते.

कळ दाबली. २२ चे २९ झाले.

"आता झाडं कमी कर," चिरंजीव म्हणाले. "टेकडीवर किती लावलीयेस! तोडलीस की लगेच फरक दिसेल."

सासूबाईंनी फोन माझ्या हातातून घेतला. "वेताळ टेकडीवरचं एकसुद्धा झाड तोडायचं नाही," त्या म्हणाल्या आणि फोन परत दिला. मग आम्ही झाडं ठेवली आणि सावल्या काढल्या. भर उन्हात सबंध पुणे बिनसावलीचं. ३८.

इथे चिरंजीवांना संशय आला. "आई, एवढ्या गाड्या साचतातच कशा? फार वेळ अडकलेली गाडी खेळ स्वतःच गायब करतो की."

मी काही बोलले नाही.

"आई. ट्रॅफिक मॅनेजर मॉडमध्ये तू ते बंद तर नाही ना केलंयस?"

केलं होतं. पहिल्याच आठवड्यात. त्याचं काय झालं, म्हात्रे पुलावर एक पांढरी गाडी बराच वेळ उभी होती आणि माझ्या डोळ्यांदेखत नाहीशी झाली. आत माणूस होता. मला ते बघवलं नाही. म्हात्रे पुलावर आम्ही सगळेच उभे राहिलोय, पण गायब कुणी झालेलं नाही.

"ते चालू केलंस तर हे सगळं फुकटात सुटेल," चिरंजीव म्हणाले. "जुन्या कॉम्प्युटरवरसुद्धा बरंचसं सुटलं असतं."

शेवटचं वाक्य फोनच्या स्पीकरवर होतं आणि हे शेजारीच बसले होते. त्यांनी पेपर खाली केला, रोषणाईकडे एकदा बघितलं आणि पुन्हा पेपर वर केला. याहून मोठं भांडण आमच्याकडे झालेलं नाही.

"तत्त्वाचा प्रश्न आहे," मी म्हटलं.

न वापरलेल्या सातशे वस्तू मात्र काढून टाकल्या. त्यात एक ऑस्ट्रियातलं चर्च होतं, ते कधी आणि का उतरवलं, मला आठवत नाही. दोन जुने मॉड एकमेकांशी भांडत होते, त्यातला एक काढला. काल संध्याकाळी सासूबाई नेहमीच्या वेळेला दुधाचा कप घेऊन आल्या. चौकाच्या मधोमध बस तिरपी उभी होती. तिच्या पोटाशी दोन रिक्षा. वैकुंठाकडे निघालेली एक शववाहिका शास्त्री रस्त्यावर चौदाव्या नंबरला. मागे मुठेचं पाणी लख्ख, एकसारखं वाहत होतं.

त्यांनी चष्मा पदराने पुसला आणि वाकून बघितलं. "हे थांबलंय की चाललंय?"

"चाललंय," मी म्हटलं. "सेकंदाला ४५ वेळा."