व्हॉयेजरची तबकडी: वाजेल, पण सापडेल का?

नंदूचं म्हणणं सरळ होतं. सूर्यमालेबाहेर निघालेल्या व्हॉयेजर यानांवरच्या, परग्रहवासीयांसाठी आवाज आणि चित्रं कोरलेल्या सोनेरी तबकड्या म्हणजे नासाची १९७७ सालची महागडी हौस. परग्रहावरच्या कुणाच्या हाती ती लागली तरी त्याला ढिम्म कळणार नाही. अविनाश ध्वनिमुद्रणातला, त्यामुळे तो हे ऐकून घेणार नव्हताच. मेधा रेडिओ खगोलशास्त्रातली, ती दोघांना भांडू देत होती. प्रभाकरकाकांना अख्ख्या तबकडीत रस फक्त साडेतीन मिनिटांपुरता: केसरबाई केरकरांची भैरवी, ‘जात कहाँ हो’.

“आधी वस्तू काय आहे ते बघ,” अविनाश म्हणाला. “बारा इंची तांब्याची तबकडी, वर सोन्याचा मुलामा, त्यावर ॲल्युमिनियमचं झाकण. प्लास्टिकची रेकॉर्ड किरणोत्सर्गाने ठिसूळ झाली असती. धातूत खाच टिकते. सोबत पिकअप आणि सुई दिली आहे, ती कुठे टेकवायची त्याचं चित्र झाकणावर आहे.”

“आणि टर्नटेबल?”

“नाही दिलं. पण ते लागतंच असं नाही. पृथ्वीवरसुद्धा तडकलेल्या जुन्या रेकॉर्डी सुई न लावता, खाचेचे सूक्ष्म फोटो काढून वाचतात. ज्याला यान पकडता येतं, त्याला खाच मोजता येईलच की.”

“मोजेल रे. पण कोणत्या वेगाने?”

इथे अविनाशला हवा तो मुद्दा मिळाला. तबकडीचा वेग मिनिटाला १६⅔ फेरे, म्हणजे साध्या एलपीच्या निम्मा. नव्वद मिनिटांचं संगीत, ५५ भाषांतले नमस्कार, वारा-पाऊस-पक्ष्यांचे आवाज आणि शंभरावर चित्रं दोन बाजूंत बसवायची तर वेग कमी करण्यावाचून गत्यंतर नव्हतं. किंमत अशी की वरच्या कंपनसंख्यांचा बारकावा थोडा मार खातो. आता हा वेग सांगायचा कसा? आपला सेकंद परक्याला माहीत असण्याचं कारण नाही. म्हणून झाकणावर हायड्रोजनचा अणू दोन अवस्थांत काढला आहे. एका अवस्थेतून दुसरीत जाताना तो जी २१ सेंटिमीटरची रेडिओलहर सोडतो, तिच्या एका आवर्तनाचा काळ ०.७० नॅनोसेकंद. तो झाला एकक. तबकडीच्या एका फेरीला ३.६ सेकंद लागतात. एककांत मोजले तर पाचशे कोटींहून थोडे जास्त. हा आकडा तबकडीच्या चित्राभोवती द्विमान पद्धतीने, उभ्या-आडव्या रेघांत कोरला आहे.

“तेहतीस अंकी द्विमान आकडा!” नंदू म्हणाला. “एक रेघ चुकीची वाचली की संपलं.”

“नाही संपत, तीच तर गंमत आहे. समज, दुप्पट वेगाने वाजवली. काय होईल? प्रत्येक स्वराची कंपनसंख्या दुप्पट. सगळं गाणं एक सप्तक वर जाईल. स्वरांमधली गुणोत्तरं तीच राहतील.”

काका पुढे सरकले. “म्हणजे कोमल रिषभ कोमलच?”

“कोमलच, काका. षड्ज वर गेला, लय दुप्पट झाली, एवढंच. भैरवी भैरवीच राहते.”

“केसरबाईंचं गाणं दुप्पट लयीत ऐकणाऱ्याला संस्कृती आहे असं मी मानणार नाही,” काका म्हणाले. मग त्यांनी जोडून दिलं की ही निवड सुचवली रॉबर्ट ब्राऊन या अमेरिकन संगीत-अभ्यासकाने. बाई गोव्यातल्या केरीच्या, अल्लादिया खाँसाहेबांच्या शिष्या. आणि व्हॉयेजर १ निघालं ५ सप्टेंबरला, बाई गेल्या १६ सप्टेंबरला. ध्वनिमुद्रणाबद्दल त्या फारशा उत्साही नव्हत्या, आणि तबकडीच्या सत्तावीस तुकड्यांमध्ये भारतातून आहे तो त्यांचा एकटीचा आवाज. काकांच्या बोलण्यात अभिमान होता तेवढीच तक्रारही: साडेतीन मिनिटांत राग कसा मावणार? पण तबकडीवरच्या बहुतेक तुकड्यांची गत तीच आहे.

नंदूने मोर्चा चित्रांकडे वळवला. खरी कसोटी तिथेच आहे आणि अविनाशने त्यावर सगळ्यात जास्त वेळ घेतला. चित्रंही आवाज म्हणूनच कोरलेली आहेत. प्रत्येक चित्र ५१२ उभ्या रेघांत चिरलेलं. एका रेघेला सुमारे ८ मिलिसेकंद, त्या वेळात लहरीची उंची म्हणजे त्या ठिकाणचा उजेड-अंधार. सगळ्या रेघा चार-सव्वाचार सेकंदांत येतात, सुरुवातीच्या खुणेसकट चित्राला साडेपाचच्या आसपास लागतात. डाव्या आणि उजव्या ट्रॅकवर वेगवेगळी चित्रं. रंगीत चित्र असेल तर ते तीनदा येतं: लाल, हिरवं, निळं.

“आज कुणालाही ध्वनिफाइल घेऊन हे करता येतं,” अविनाश म्हणाला. “रेघेच्या शेवटी येणारं टोक शोधायचं. दोन टोकांमधला तुकडा कापायचा. तुकडे शेजारी शेजारी उभे लावत जायचे. अडचणी दोन. पहिली म्हणजे, रेघेची लांबी ठरावीक धरून सरळ कापत गेलास की वेगातला हजारातला एखादा फरकही साठत जातो आणि पाचशेव्या रेघेपर्यंत चित्र तिरकं होतं. म्हणून प्रत्येक टोक नव्याने शोधावं लागतं. दुसरी जास्त चिवट. आवाजाच्या यंत्रणेला स्थिर पातळी धरून ठेवता येत नाही. मोठा एकसारखा पांढरा भाग आला की लहर हळूहळू शून्याकडे ओघळते. मग मोकळं आकाश एका कडेला उजळ आणि दुसऱ्या कडेला मळकं दिसतं. तो उतार गणिताने भरून काढावा लागतो.”

“आणि काळं-पांढरं उलटं धरलं तर?”

“निगेटिव्ह मिळेल. आकार तेच. म्हणून तर पहिलं चित्र नुसतं वर्तुळ ठेवलंय, आणि तेच झाकणावरही कोरलंय. तुला लंबवर्तुळ मिळालं तर रुंदी-उंचीचं प्रमाण चुकलं. तिरकं मिळालं तर रेघांची लांबी चुकली. वर्तुळ जमलं की पुढची सगळी जमली. रंगांसाठी सूर्याच्या वर्णपटाचं चित्र आहे, त्यातल्या काळ्या रेषा कुठल्याही खगोलज्ञाला ओळखू येतील.”

आमच्यापैकी बहुतेकांना इथे अविनाशचं पटलं. या रचनेत एका ठिकाणची चूक दुसऱ्या ठिकाणी दुरुस्त करता येते.

नंदू मात्र हटला नाही, आणि पुढचा डाव त्यानेच जिंकला. ५५ भाषांतले नमस्कार. त्यात मराठी आहे: पृथ्वीवरचे लोक शुभेच्छा पाठवत आहेत, अशा अर्थाचं. पण प्रत्येकाला जे सुचेल ते बोलायची मोकळीक होती. अमॉय बोलणारी व्यक्ती विचारते, जेवलात का? गुजरातीत संपर्क साधायची विनंती आहे. “सगळ्यांनी एकच वाक्य म्हटलं असतं, नाहीतर एक ते दहा मोजले असते, तर ऐकणाऱ्याला ताडून बघता आलं असतं,” नंदू म्हणाला. “आता ५५ वेगळ्या गोष्टी ५५ वेगळ्या भाषांत. यातून भाषा कशी सोडवणार?” अविनाशने मान्य केलं. काकांनी आणखी एक काडी टाकली: संयुक्त राष्ट्रांचे तेव्हाचे सरचिटणीस कुर्ट वाल्डहाइम यांचाही संदेश तबकडीवर आहे, आणि पुढे दुसऱ्या महायुद्धात जर्मन सैन्यातला त्यांचा झाकलेला भूतकाळ बाहेर आला. परत बोलावून खोडायची सोय नाही.

“तुम्ही वाचण्यावरच भांडताय,” शेवटी मेधा म्हणाली. “पत्त्याचं काय?”

झाकणावर डावीकडे खाली सूर्यापासून निघालेल्या रेषा आहेत: चौदा स्पंदक ताऱ्यांकडे (ठरावीक काळाने रेडिओलहरींचा ठोका देणारे तारे, पल्सार) आणि पंधरावी आकाशगंगेच्या केंद्राकडे. खगोलशास्त्रज्ञ फ्रँक ड्रेकने आखलेला हाच नकाशा १९७२-७३ च्या पायोनियर १० आणि ११ वरच्या पट्टीवरही होता. प्रत्येक रेषेवर त्या ताऱ्याच्या स्पंदनाचा काळ हायड्रोजनच्या एककात. सूर्य कुठे आहे हे त्यावरून काढायचं.

“नकाशाची कल्पना हुशारीची आहे, पण सगळ्यात आधी तोच जुना होतो,” मेधाने सांगितलं. “स्पंदकाचा झोत दीपगृहासारखा फिरतो. आपल्यावरून जातो म्हणून आपल्याला दिसतो. दुसऱ्या ठिकाणाहून तो दिसेलच असं नाही. दुसरं, हे तारे सेकंदाला काहीशे किलोमीटरनेही धावतात. व्हॉयेजर १ धावतंय सतराने. तिसरं, त्यांचा स्वतःभोवती फिरण्याचा वेग मंदावतो. क्रॅब नावाचा स्पंदक तेहतीस मिलिसेकंदांत एक फेरी मारतो आणि दिवसाला साधारण ३६ नॅनोसेकंदांनी सुस्तावतो.”

“मग त्यावरूनच किती काळ गेला ते निघेल ना?” अविनाश.

“काही हजार वर्षांपर्यंत बरं निघेल. पुढे नाही. क्रॅब मध्येच झटका खाऊन क्षणात जरा वेगवान होतो, आणि मंदावण्याचा दरही कायम नसतो. आज हजारो स्पंदक माहीत आहेत, आपल्या नारायणगावजवळच्या खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीनेही त्यात भर घातली आहे. त्यातले हेच चौदा कोणते, हे दहा लाख वर्षांनी शोधणाऱ्याचे हाल होतील. काळ मोजायला झाकणावर मुद्दाम लावलेलं युरेनियम बरं. युरेनियम-२३८, अर्धायुष्य (निम्मे अणू विघटित व्हायला लागणारा काळ) साडेचारशे कोटी वर्षं. दहा लाख वर्षांत त्यातलं दहा हजारांत जेमतेम दीड अणू विघटित होतील. बारीक मोजणी लागेल, पण होईल.”

परग्रहवासी चाल करून येतील ही भीती कुणीतरी काढली, ती दोन मिनिटांत निकालात निघाली. १९७४ मध्ये अरेसिबोच्या रेडिओ दुर्बिणीतून ताऱ्यांकडे पाठवलेला संदेश पन्नास प्रकाशवर्षं पुढे गेला आहे. व्हॉयेजर १ जेमतेम एक प्रकाशदिवस लांब. एक प्रकाशवर्ष कापायला त्याला साडेसतरा हजार वर्षं लागतात. सुमारे चाळीस हजार वर्षांनी ते ग्लीझ ४४५ या ताऱ्यापासून १.६ प्रकाशवर्षांवरून जाईल, आणि याला ‘जवळून’ म्हणायचं. तोवर प्लुटोनियमची वीज कधीच संपलेली. थंड, मुकं, पाऊण टनाच्या आसपासचं धातूचं यान.

“म्हणजे सापडणारच नाही,” नंदू.

“ग्रहावर बसून वाट बघणाऱ्याला नाही. ताऱ्यांमध्ये स्वतः फिरणाऱ्याला कदाचित.”

नंदूने विचारलं, सूर्यमालेबाहेर निघालेलं पाचवं यान, न्यू होरायझन्स, २००६ चं, त्यावर काय आहे? प्लूटो शोधणाऱ्या क्लाइड टॉमबॉ यांची थोडी रक्षा, नाणी, टपालाचं तिकीट, आणि चार लाख तीस हजारांहून जास्त लोकांच्या नावांची सीडी.

अविनाशने कपाळावर हात मारला. “सीडीत आठ बिट चौदा करून लिहितात. त्याआधी चूक दुरुस्तीची बिटं घुसडतात, माहितीचे तुकडे लांबवर विखुरतात. हे सगळं उलट्या क्रमाने नेमकं जमलं तर नावं, नाहीतर नुसता गोंधळ. खाचेत लहर तरी जशीच्या तशी दिसते. इथे अर्धवट बरोबर असं काही नाहीच.”

“म्हणजे तिथे माझं खरं?”

“तिथे तुझं खरं,” मेधा म्हणाली. “पण ती सीडी परग्रहवासीयांसाठी नव्हतीच. नावं देणाऱ्यांसाठी होती.”