"रिपोर्ट द्या, सही करा, बाकी शाळा बघेल", नाही हो, असं नसतं

एक मेसेज फिरतोय, मला तीन ग्रुपवर आला. 'स्पेशल एज्युकेशन: पालकांनो निश्चिंत राहा' असं गोड शीर्षक आणि खाली पाच मुद्दे. मुलाच्या तपासणीचा रिपोर्ट दिला की त्याला कसं शिकवायचं याचा प्लॅन शाळाच बनवते, तुम्ही फक्त सही करा. एकदा स्पेशल वर्गात गेलेलं मूल नेहमीच्या वर्गात परत येत नाही. परीक्षेतली सवलत म्हणजे फुकटचे मार्क. घरी एकच भाषा बोला. आणि थेरपी नीट केली तर दोन वर्षांत मूल नॉर्मल. पाचही चूक आहेत, पण सगळ्यात महागात पडणारा पहिला, म्हणून त्यावरच जास्त लिहिते.

तर सही. आमच्या पहिल्या मिटिंगला आत गेलो तर प्लॅन आधीच टाइप करून ठेवलेला, आठ पानं, वर पेन. मी सही करणारच होते, नवरा वाचत बसला म्हणून मीही डोकावले. तिसऱ्या पानावर: "ती कात्री नीट धरते." ती! आमचा मुलगा आहे, आणि कात्रीला तो हातसुद्धा लावत नाही. दुसऱ्या कोणाच्या तरी लेकीचा कागद कॉपी-पेस्ट झाला होता. बाई दमलेल्या होत्या, त्यांच्यावर राग नाही, पण आम्ही वाचलं नसतं तर वर्षभर तेच चाललं असतं. आयईपी, म्हणजे एकेका मुलासाठी वेगळा आराखडा, ही पद्धत १९७५ च्या अमेरिकन कायद्याने रुजवली आणि आराखडा ठरवताना पालक बैठकीत हवेत हे त्याच कायद्यात होतं. कारण साधं आहे, शाळेला मूल काही तासच दिसतं. तीन सूचना एकदम दिल्या की पहिलीच लक्षात राहते, मिक्सर लागला की कान झाकतो, हे तुम्हीच सांगणार ना?

आणि वाचताना ध्येयं बघा. "वाचन सुधारेल" हे ध्येय नाही, शुभेच्छा आहे. आत्ता दहा शब्दांत चार चुकतात, वर्षाअखेर तेवढ्याच अवघड उताऱ्यात एकच चुकेल, शिकवणार कोण, आठवड्यातून किती वेळ, तपासणार कधी, असं लिहून मागा. घाई असेल तर कागद घरी न्या, वाचा, मग सही.

'परत येत नाही' हे कुठून आलं कळत नाही. स्पेशल एज्युकेशन म्हणजे खोली नव्हे, मदत. ती नेहमीच्या वर्गात बसूनही मिळते, काहींना दिवसातला थोडा वेळ वेगळं बसवतात, काहींना खरंच वेगळा वर्ग लागतो आणि त्यात कमीपणा काही नाही. सर्वांनी एकत्र शिकावं हे युनेस्कोच्या परिषदेतल्या १९९४ च्या सालामांका जाहीरनाम्यात आहे, अपंग व्यक्तींच्या हक्कांसाठीच्या २००६ च्या संयुक्त राष्ट्रांच्या करारात तर कलम २४ त्यासाठीच आहे. आणि प्लॅन दगडावरची रेघ नसतो, वर्षातून एकदा तरी उघडून बघायचाच असतो.

सवलतीचं थोडक्यात. बहुतेक वेळा प्रश्न तेच राहतात, जास्त वेळ किंवा लेखनिक मिळतो. पण लेखनिकाला उत्तर सांगणं हीसुद्धा सवयीची गोष्ट आहे, म्हणून साध्या युनिट टेस्टपासून मागा, नाहीतर मुख्य परीक्षेत अनोळखी माणूस शेजारी बसला की मूल गप्प होतं.

एकच भाषा? ऑटिझम आणि डाऊन सिंड्रोम असलेल्या मुलांवर झालेल्या अभ्यासांत दोन भाषांमुळे बोलणं मागे पडतं असं दिसलेलं नाही. उलट आजीला जी भाषा येते तीच बंद केली तर पोराशी दिवसभर बोलणार कोण.

राहिलं 'दोन वर्षांत नॉर्मल'. डिस्लेक्सिया (वाचण्या-लिहिण्यातली अडचण), ऑटिझम म्हणजे ताप नाही की उतरला. मूल शिकतं, पण सरळ रेषेत नाही, मोठ्या सुट्टीनंतर मागे जातं, काही ध्येयं चक्क फसतात. फसली की मुलाला बोल लावायच्या आधी विचारायचं, ध्येय मोठं होतं की पद्धत चुकली? आमचं कात्रीचंच सहा महिने अडलं होतं, "प्रयत्न करत नाही" असा शेरा. शेवटी नव्या थेरपिस्टने विचारलं, हा चमचा कुठल्या हातात धरतो हो? डाव्या. शाळेतल्या सगळ्या कात्र्या उजव्या हाताच्या.