संशोधनाचा पैसा गडचिरोलीच्या प्रश्नांनाही मिळाला पाहिजे

विज्ञानावरचा खर्च वाढला पाहिजे, यात वादच नाही. २०२०-२१ मध्ये आपण जीडीपीच्या ०.६४ टक्के एवढाच पैसा संशोधनावर घातला. पण मला जास्त टोचतं ते वेगळंच: कुठल्या प्रश्नावर संशोधन व्हायचं हे ठरवतं कोण?

डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांच्या गडचिरोलीतल्या ‘सर्च’ या संस्थेचं काम बघा. गडचिरोलीत लहान मुलं न्यूमोनियाने दगावत होती. गावात डॉक्टर नाही, एक्स-रे तर दूरच. बाळाचे श्वास मिनिटाला किती पडतात यावरून न्यूमोनिया ओळखता येतो, पण गावातल्या सुईणींना पन्नास-साठपर्यंत आकडे मोजता येत नव्हते. मग त्यांच्यासाठी श्वास मोजायचं एक साधं साधन तयार झालं. एका मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि सोबत ओवलेले मणी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मण्यावर हात गेला, की बाळाला औषधाची गरज आहे. मी हे विद्यार्थ्यांना सांगतो तेव्हा वर्ग शांत होतो. निदानाचं अख्खं शास्त्र त्या मण्यांत आहे, आणि निरक्षर बाई ते अचूक वापरते.

पुढे त्यांनी ३९ गावांत तिथल्याच बायकांना आरोग्यदूत म्हणून तयार केलं आणि नवजात बाळांची काळजी घरीच घेतली. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष छापून आले: तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी खाली. आज बाळंतपणानंतर आशाताई घरी येऊन बाळाला तपासते, त्यामागे हे संशोधन आहे. आणि त्याला मोठा आधार होता परदेशी प्रतिष्ठानांच्या पैशाचा. आपल्या जिल्ह्यातली बाळं वाचवायचा प्रश्न, आणि पैसा बाहेरचा! मला याचं वाईट वाटतं.

शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे तर जेमतेम शाळा शिकलेले. शेतात वेगळ्या दिसलेल्या धानाच्या लोंब्या जपत, वर्षानुवर्षं निवड करत त्यांनी एचएमटी हा तांदळाचा वाण दिला. २०१८ मध्ये ते गेले, तोवर पैशाची ओढाताण काही सुटली नव्हती.

मी तालुक्याच्या गावात रसायनशास्त्र शिकवतो. आमच्या पोरी स्वतःच्या गावच्या विहिरींतलं फ्लोराइड मोजतात. नमुने बारा महिने घ्यावे लागतात, कारण पावसाळ्यातलं पाणी वेगळं आणि मे महिन्यातलं वेगळं. पण एका योजनेचा पैसा हातात पडला फेब्रुवारीत आणि ३१ मार्चच्या आत खर्च दाखवा म्हणाले. मग घ्या काचसामान! नमुने आणायला जाणाऱ्या मुलींच्या एसटीच्या भाड्याला त्यात खर्चाचं हेडच नव्हतं.

आता संशोधनाला अनुदान देणारं केंद्राचं अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन आलंय. २०२३ चा कायदा, पाच वर्षांत ५० हजार कोटींचा अंदाज, त्यातला मोठा वाटा सरकारबाहेरून यायचाय. २०२५ मध्ये खासगी क्षेत्राच्या संशोधनासाठी एक लाख कोटींची योजना मंजूर झाली, त्यात दीर्घ मुदतीचं स्वस्त कर्ज मुख्य. त्याला माझा विरोध नाही, उद्योगांनी संशोधन केलंच पाहिजे. पण नवजात बाळाच्या श्वासातून कर्ज फिटत नाही. असल्या प्रश्नांना अनुदानच लागतं, तेही पाच-सात वर्षं न तुटता.

फाउंडेशनने मोठ्या संस्थांना राज्य विद्यापीठांशी जोडायची योजना काढली, ते बरं केलं. तरी तेवढ्यावर भागणार नाही. गडचिरोलीच्या गोंडवाना विद्यापीठाने प्रश्न मांडावा आणि आयआयटीने त्याला मदत करावी, असंही झालं पाहिजे. नाहीतर आमच्या वाट्याला नमुने गोळा करणंच येणार.

म्हणून माझी मागणी अशी. अनुदानाचा ठरावीक हिस्सा जिल्ह्यांतून आलेल्या प्रश्नांसाठी राखून ठेवा. अर्ज मराठीत घ्या. निवड समितीत एखादी आशाताई, एखादा धान पिकवणारा शेतकरी बसवा आणि त्यांना बैठकीचा भत्ता प्राध्यापकांइतकाच द्या. गावात माहिती गोळा करणाऱ्यांचं मानधन आणि प्रवासखर्च पहिल्या हप्त्यातच द्या. आणि वर्षाअखेरीस उरलेला पैसा परत मागू नका, पुढच्या वर्षी वापरू द्या.