दीड हजारात म्हातारपण काढून दाखवा

निराधारांचं अनुदान वाढवा म्हटलं की लगेच सुरू! 'फुकट दिलं की लोक आळशी होतात.' कोण आळशी होतंय? गुडघे गेलेली, धुणीभांडी सुटलेली पासष्टीची विधवा?

राज्याच्या श्रावणबाळ योजनेत निराधार म्हाताऱ्यांना महिन्याला १५०० रुपये. म्हणजे दिवसाला ५०. त्यात गॅस आणायचा, की बीपीच्या गोळ्या? आणि केंद्राच्या वृद्धापकाळ निवृत्तिवेतनाचा वाटा किती, तर ऐंशीच्या आतल्यांना २०० रुपये. २००७ सालीही २००, आजही २००! मधल्या काळात डाळ, तेल, एसटीचं तिकीट, काय वाढायचं राहिलं?

वर श्रावणबाळची अट बघा. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१,००० च्या आत हवं. महिन्याला १७५० रुपयांत कुठलं कुटुंब जगतं? लाडक्या बहिणीला मर्यादा अडीच लाखांची, आणि निराधार म्हातारीला एकवीस हजारांची?

एवढं करून पैसे वेळेवर येतात का? दोन-दोन महिने पासबुक कोरं. हयातीचा दाखला द्यायला जावं, तर भांडी घासून झिजलेल्या अंगठ्याचा ठसा मशीन घेत नाही. परत या म्हणतात. रिक्षाचे पैसे कोण देणार?

रक्कम दुप्पट करा, महागाईशी जोडा. सरकारी कर्मचाऱ्यांचा महागाई भत्ता वर्षातून दोनदा वाढतो, मग हिची महागाई वेगळी आहे का?